आधी सीताहरण, मग स्वयंवर!

ऐकलंत का? नसेल ऐकलं, तर आधी दार लोटून घ्या. आपल्या सांवेरात, उलट्या हनुमानाच्या सांवेरात, एका चांगल्या घरंदाज मराठी घरी ऐन रामनवमीला सीतेचं हरण आधी झालं आणि स्वयंवर मागाहून. दशरथ पुत्रशोकानं गेला आणि तो गेल्यावर पाऊण तासानं त्याला यज्ञातलं पायस मिळालं. समुद्रावर सेतू बांधून झाला, लंकेत रावण पडला, आणि प्रभूंचा जन्म अजून व्हायचाच होता!

गोष्ट 2001-02 च्या सुमाराची आहे, पण अशी गोष्ट शिळी होत नाही. त्या घरचा शिरस्ता असा की रामनवमीला सकाळी गीतरामायण लावायचं, जन्माचं गाणं सुरू झालं की पाळण्याची दोरी ओढायची आणि सुंठवडा वाटायचा. त्या वर्षी बारा वाजले, साडेबारा वाजले, जन्म काही येईना. सुंठवडा वाटीत, वाटीवर ताटली, ताटलीवर आजींचा हात. आळीतल्या बायका पाळण्याभोवती ताटकळत उभ्या. एकीनं हळूच विचारलं, "अहो, हा वाली मध्येच कुठून आला?" आजोबा म्हणाले, "माडगूळकरांनी काही विचार करूनच लिहिलं असेल." शेवटी पावणेतीनला रामजन्म झाला. तोवर दोघीजणी घरी जाऊन नळाचं पाणी भरून परत आल्या होत्या.

गुन्हेगार शोधायला वेळ लागला नाही. धाकट्या नातवाच्या हातात रिमोट होता, रिमोटवर 'शफल' नावाचं बटण होतं, आणि कपाटावर पाच सीडींचा चेंजर घरघरत होता. शफल दाबलं की तो एका सीडीवरचं एक गाणं वाजवतो, मग आतली चकती गर्रकन फिरते, टक्‌ असा आवाज होतो, आणि दुसऱ्याच सीडीवरचं भलतंच गाणं सुरू होतं. त्या घरी सकाळपासून गर्र-टक्‌, गर्र-टक्‌ चाललं होतं. पण तो आवाज नव्या वस्तूचा म्हणून सगळ्यांना कौतुकाचाच वाटत होता.

बरं, गीतरामायणच का, म्हणाल, तर त्याच्याइतकी क्रमाची शिस्त दुसऱ्या कशाला आहे? आकाशवाणीच्या पुणे केंद्रानं 1 एप्रिल 1955 ला, रामनवमीच्या दिवशी, ते सुरू केलं. माडगूळकरांनी, म्हणजे गदिमांनी, गाणी लिहायची, सुधीर फडक्यांनी चाली लावायच्या आणि आठवड्याला एक गाणं. अशी 56 गाणी व्हायला वर्ष उलटलं. राम वनात निघाला की लोक पुढच्या गाण्यापर्यंत आठवडाभर हळहळत बसायचे. दशरथाला विलाप करायचाय? थांबा, पुढचा आठवडा येऊ दे. ज्या रामकथेसाठी लोकांनी वर्षभर कान लावून वाट पाहिली, ती एका पोरानं अंगठ्याच्या एका दाबानं विस्कटली!

त्या संध्याकाळी ओट्यावर यावर रीतसर खटलाच चालला. बहुतेकांचं मत पोराचा रिमोट काढून घ्यावा असं पडलं. पण आळीतल्या एका वकीलसाहेबांनी पोराचं वकीलपत्र घेतलं, आणि मुद्दा असा काढला की सगळे गप्प. म्हणाले, "गीतरामायणातलं पहिलं गाणं कोणतं? कुश-लव रामापुढे गातात ते. तो प्रसंग रामायणात कधीचा? सगळं होऊन गेल्यावरचा! म्हणजे गदिमांनीच शेवट उचलून आधी आणला की नाही? मग पोरानं वेगळं काय केलं?" यावर आजोबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि आत जाऊन झोपले. हा मुद्दा आजही कुणाला खोडता आलेला नाही. आम्हीही प्रयत्न केला नाही, कारण वकीलसाहेबांच्या घरी त्याच आठवड्यात चेंजर आला होता आणि तो आम्हाला ऐकायचा होता.

आला कुठून हा चेंजर? इंदूरच्या जेल रोडवरून, आणखी कुठून येणार! तिथला दुकानदार ठरावीक वाक्य बोलायचा, "भिया, इसमें सब ऑटोमेटिक है." या 'ऑटोमेटिक'वर सांवेरच्या किती घरांत भांडणं झाली याचा हिशेब त्या भियाला कुणी विचारला नाही. सांवेरची माणसं सकाळी बसनं इंदूरला जायची, पोहे-जलेबी खायची, खोकं मांडीवर घेऊन दुपारी परतायची आणि संध्याकाळपर्यंत आळीभर बातमी व्हायची: त्यांच्याकडे आला!

जगाला सीडीचं वेड लागून तेव्हा जवळजवळ वीस वर्षं झाली होती. सोनीचा पहिला सीडी प्लेअर, सीडीपी-101, जपानात 1 ऑक्टोबर 1982 ला विकायला आला, किंमत 1,68,000 येन, आणि पहिल्याच यंत्राबरोबर रिमोट! म्हणजे खुर्चीतून न उठता गाणी पुढेमागे करायची चटक जन्मापासूनचीच. आपल्याकडे मधली वर्षं कॅसेटनं खाल्ली. कॅसेटमध्ये चौथं गाणं ऐकायचं तर पहिली तीन सोसावी लागत, नाहीतर फॉरवर्ड दाबून चीं-चीं ऐकत अंदाजानं थांबायचं, आणि तेही पेन्सिलीनं फीत गुंडाळायची वेळ आली नसेल तर. त्याआधीच्या 78 फेऱ्यांच्या रेकॉर्डची तर बातच नको. एका बाजूला सव्वातीन मिनिटं, मग उठा. तेव्हा जो उठेल त्याचा हक्क, आणि उठायचे बहुधा घरातले कर्ते पुरुष, कारण सुई दुसऱ्या कुणाला लावू देत नसत. लताबाई 28 सप्टेंबर 1929 ला जन्मल्या त्या आपल्याच इंदुरात, शीख मोहल्ल्यात. पण त्यांचं कोणतं गाणं आधी आणि कोणतं नंतर, हे सांवेरच्या घरांत कित्येक वर्षं फक्त वडील ठरवत होते. रिमोट आला आणि हे राज्य गेलं. खरा गवगवा त्याचा आहे, हे आता मंडळींनी कबूल करावं.

आता थोडं त्या तबकडीच्या पोटात शिरू, म्हणजे तिला हे उद्योग जमतात कसे ते कळेल. 12 सेंटिमीटरच्या त्या चकचकीत तबकडीवर पाच किलोमीटरहून लांब एकच बारीक वळसेदार रेघ असते. रेघेच्या अगदी सुरुवातीला गाण्यांची अनुक्रमणिका लिहिलेली असते: कोणतं गाणं कितव्या मिनिटाला, कितव्या सेकंदाला आणि सेकंदाच्या 75 भागांपैकी कितव्या भागाला सुरू होतं. अशी जास्तीत जास्त 99 गाणी. ट्रे आत गेला की प्लेअर आधी ही अनुक्रमणिका वाचतो. म्हणूनच पहिला सूर यायच्या आधी पडद्यावर एकूण गाणी आणि एकूण वेळ झळकतात. मग काय, पोथी न उलगडता हवं ते पान! सुईला हे सुख नव्हतं.

आणि आणखी एक, बसलेले असाल तरच वाचा. ही सीडी आतून बाहेर वाजते! रेकॉर्डची सुई बाहेरून आत जायची, ही मधल्या भोकाशी सुरू होते आणि कडेला संपते. आत असताना मिनिटाला साधारण 500 फेरे, कडेला पोचेपर्यंत 200 वर येते. तबकडी उलटी वाजते हे कळल्यावर एका भाविक मावशींनी, "बाई बाई, उलटं कसलं वाजवायचं," म्हणून कानावर हात ठेवले. ज्या गावात हनुमान पाताळात अहिरावणावर धावून गेला म्हणून डोकं खाली असा पुजला जातो, त्या गावच्या माणसांनी उलट्याला नावं ठेवावीत, याला काय म्हणावं? मावशींना कुणीतरी हे बोलून दाखवलं. त्या तिथल्या तिथे नमस्कार करून मोकळ्या झाल्या, आणि नंतर त्यांच्याच घरी अष्टविनायकाची सीडी सकाळी शफलवर लागलेली आम्ही या कानांनी ऐकली आहे.

पण शफल हे उघड पाप आहे. चोरून केलेलं पाप म्हणजे 'प्रोग्रॅम'. त्याची हकिगत ऐका.

प्रोग्रॅम लावायचा तर आधी प्लेअर थांबवायचा. मग प्रोग्रॅमचं बटण, मग गाण्याचा नंबर, पुन्हा प्रोग्रॅम, पुन्हा नंबर. दहाच्या पुढचं गाणं हवं तर 'दहापेक्षा जास्त'वालं बटण आधी दाबायचं, नाहीतर चौदाच्या जागी एक आणि चार अशी दोन गाणी शिरतात. पडद्यावर पी-01, पी-02 असं चढत जातं, आणि चांगल्या यंत्रांवर एक ते वीस आकड्यांची चौकट दिसते, जी जी गाणी निवडली तेवढीच उजळतात, बाकीची विझतात. विझलेली गाणी वाजणार नाहीत. कळलं का? शफल गाणी उलटीसुलटी करतं, पण गाळत कुणालाच नाही. प्रोग्रॅम लावणारा मात्र शांतपणे, दात घासता घासता, अख्खी गाणी घरातून हद्दपार करतो.

एका घरी सून जेल रोडवरून वापरलेला पण भारी प्लेअर घेऊन आली. माहेरच्या पैशांनी, हेही सांगायचं राहायला नको. फिलिप्सच्या काही यंत्रांत 'फेव्हरेट ट्रॅक सिलेक्शन' नावाची सोय होती, त्यातलं ते. तुम्ही एकदा एका सीडीतली आवडती गाणी निवडलीत की ते यंत्र ती लक्षात ठेवतं, आणि तीच सीडी पुन्हा घातली की तिला अनुक्रमणिकेवरून ओळखून नेमकी तेवढीच वाजवतं. सुनेनं सासूबाईंच्या अभंगांच्या सीडीतली तीन गाणी तेवढी निवडली. सासूबाई रोज सीडी लावायच्या, तीन अभंग वाजायचे, थांबायचे. दीड महिना त्यांना वाटलं सीडी झिजली! सीडी झिजत नाही हो, तिला वाचतो तो प्रकाश, तिथे काही घासत नाही, पण हे सासूबाईंना कोण सांगणार? त्या प्रत्येक वाजवण्यानंतर तिला पदरानं पुसायच्या. अखेर भाच्यानं घोटाळा उघड केला. सुनेचं म्हणणं, "बाकीचे फार संथ होते." आळीत या वाक्यावर आठ दिवस चर्चा चालली, आणि ज्यांनी ज्यांनी त्या घरी चहाच्या निमित्तानं पाऊल टाकलं, त्यांनी जाता जाता तो प्लेअर बारकाईनं पाहून घेतला.

बाकीच्या सर्वसाधारण प्लेअरांना इतकी स्मरणशक्ती नव्हती. ट्रे उघडला की प्रोग्रॅम पुसला. वीज गेली की प्रोग्रॅम पुसला. आणि वीज! तेव्हाच्या मध्य प्रदेशात वीज जायची म्हणून सांगायला नको. 1 नोव्हेंबर 2000 ला छत्तीसगड वेगळं झालं, कोरब्याची वीजघरं तिकडे गेली, आणि इकडे कपात इतकी वाढली की 2003 ची निवडणूक 'बिजली, सडक, पानी' यावरच झाली. लोकांनी सरकार बदललं. त्या रागात शेतकऱ्यांचे पंप होते, कारखाने होते, पण विसाच्या विसा गाण्यांचा प्रोग्रॅम रात्री नऊला लावून सव्वानऊला वीज गेल्यावर अंधारात बसलेला एक काका आमच्या ओळखीचा आहे, आणि त्याचं मत कुठे पडलं असेल यावर आम्ही पैज लावायला तयार आहोत. तो रात्री दिव्याच्या उजेडात गाण्यांचे नंबर वहीत उतरवू लागला. काकू म्हणाल्या, "ही तुमची पतपेढी आहे का?"

शास्त्रीय संगीताकडे आता वळायलाच हवं, कारण तिथे प्रकार नाजूक आहे. भैरवी म्हणजे मैफलीचा शेवट. भैरवी झाली की गवई तंबोरे आवरायला लागतो, श्रोते चपला शोधतात. आमच्या इथल्या एका संगीतप्रेमी काकांकडे चार पाहुणे बसले होते, शफलनं पहिल्याच फटक्यात भैरवी लावली, आणि एक पाहुणे खरोखर उठून उभे राहिले! काकांनी हात धरून बसवलं, "अहो बसा, चहा यायचाय." भैरवीनंतर चहा, चहानंतर यमन, यमननंतर पहाटेचा ललत, रात्री साडेदहाला. पाहुणे देवासचे होते, ज्या देवासात कुमार गंधर्व 1948 पासून अखेरपर्यंत राहिले. अशा गावच्या कानांवर आपण हे घातलं, याची लाज काकांना अजून वाटते असं ऐकिवात आहे.

'इंट्रो स्कॅन'ची गोष्ट आणखी निराळी. हे बटण दाबलं की प्लेअर प्रत्येक गाण्याची पहिली दहा सेकंदं ऐकवतो आणि पुढे पळतो. सिनेमाची गाणी निवडायला फार उपयोगी. पण कुणीतरी उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या सीडीवर ते दाबलं. इंदूर घराण्याचे अमीर खाँ! ज्यांच्या एका जुन्या रेकॉर्डच्या एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी, म्हणजे एक राग सूर्यास्ताचा, एक रात्रीचा, दोन्हींची अतिविलंबित चाल. दहा सेकंदांत काय ऐकू येणार? तानपुरा. पुढचा राग? तानपुरा. पाच-सात सेकंदांनी एखादी 'आ' निघते न निघते तोच प्लेअर पुढे. त्या घरातला भाऊ म्हणाला, "दादा, सगळी गाणी एकाच चालीची दिसतात." दादानं रिमोट उशीखाली ठेवला आणि रात्री त्याच्यावर झोपला.

एक मात्र सांगून टाकलं पाहिजे, नाहीतर आम्हाला जुन्या विचारांचे म्हणाल. 'ए-बी रिपीट' या बटणाबद्दल आम्ही ब्र काढणार नाही. गाण्यातल्या एका जागी दाबलं की ए, पुढे दुसऱ्या जागी दाबलं की बी, आणि मग तेवढाच तुकडा परत परत वाजतो, तुम्ही थांबवेपर्यंत. आमच्या गल्लीतल्या एका मुलीनं याच बटणावर एक तान घोटून घेतली. आधी तिच्या गुरुजींना रेकॉर्डवर सुई उचलून नेमकी त्याच खाचेत ठेवायला तीनदा चुकावं लागे, कॅसेटला मागे नेताना प्रत्येक वेळी एक-दोन सुरांची तफावत व्हायची. इथे तान तिथल्या तिथे, सुरापासून सुरापर्यंत. आळीतल्या बाकीच्यांनी ती तान सलग पंधरा दिवस ऐकली, शेवटी भाजीवालाही ती गुणगुणत फिरू लागला. तक्रार कुणी केली नाही. मुलीनं परीक्षा उत्तम दिली, एवढं सगळ्यांना माहीत होतं.

'एडिट'चं बटण मात्र पोलिसांत द्यावं असं होतं. सीडीची गाणी कॅसेटवर उतरवून घ्यायची, आणि साठ मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूला अर्धाच तास बसतो, तर गाणं मध्येच तुटू नये म्हणून यंत्रच बेरीज करून ठरवायचं की पहिल्या बाजूला कोणती गाणी, दुसऱ्या बाजूला कोणती. एका सीडीच्या चार घरांत चार कॅसेटी! सीडी विकत घेणारा एक, ऐकणारे सोळा. कंपन्यांना ते कळलं असतं तर त्यांनी डोकं हातात धरलं असतं. पण पुढे एमपी-3 च्या सीडी फुटपाथवर आल्या, एका तबकडीत शंभरावर गाणी, तेव्हा एडिटची ही चोरी देवळातल्या दानपेटीपुढे ठेवायच्या लायकीची वाटू लागली. एमपी-3 वर शफल लावलं तर पहिल्या दिवशीचं गाणं तिसऱ्या दिवशी पुन्हा भेटायचं. तेव्हा मंडळी शफललाच कंटाळली आणि सगळा विषय मोबाइलच्या खिशात गेला.

तर निकाल काय? आम्ही ओट्यावरचा निकाल सांगतो. शफलला दोष देऊ नये, फक्त सणाच्या दिवशी आणि कथेच्या सीडीवर त्याला हात लावू नये. प्रोग्रॅम लावणाऱ्यानं काय गाळलं ते घरच्यांना तोंडावर सांगावं, गुपचूप सासूबाईंचे अभंग गाळू नयेत. भैरवी पहिल्या क्रमांकावर आली तर पाहुण्यांना आधीच सावध करावं. एकच गाणं परत परत वाजवणारं 'रिपीट-वन' हे बटण फक्त लग्नाळू मुलांनी वापरावं, आणि तेही दार बंद करून.

आणि ज्यांच्या कपाटात जुना प्लेअर अजून चालू आहे, त्यांना एक विनंती. सीडी पदरानं गोल गोल पुसू नका. मऊ फडक्यानं मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसा. रेघेला आडवा गेलेला बारीक ओरखडा यंत्र भरून काढू शकतं, रेघेच्याच दिशेनं पडलेला लांब ओरखडा त्याला भरता येत नाही.